कबरीची लाल चिठ्ठी

आमच्या घरामागे आठ कोंबड्या आणि एक कोंबडा आहे, आणि मी चाकणच्या एका कंपनीत सत्तावीस वर्षं क्वालिटीत आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मला त्या हिवाळ्यात कुणीतरी ठणकावून सांगायला हवं होतं. बायकोने सांगितलं होतं. पण बायकोचं म्हणणं मी ‘सूचना’ या रकान्यात टाकतो, आणि त्या रकान्यावर आमच्याकडे कारवाई होत नाही.

घर निघोज्यात. वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात फाउंड्रीला होते. निवृत्त झाल्यावर ते आईला घेऊन लातूरकडच्या आमच्या गावी जाऊन राहिले आणि तिथेच गेले. मग मी आईला इकडे आणलं. ती एसटीतून उतरली तेव्हा तिच्या एका हातात पत्र्याची पेटी होती आणि दुसऱ्या हातात वरून फडकं बांधलेली पाटी. पाटीत तीन कोंबड्या होत्या. कंडक्टरने त्यांचं तिकीट मागितलं नाही, याचं तिला अजून कौतुक आहे.

तिनाच्या आठ झाल्या. सकाळी खुराडं उघडायचं, ज्वारी टाकायची, दुपारी निवडलेल्या भाजीची देठं घालायची, संध्याकाळी हाका मारून सगळ्यांना आत घ्यायचं, हा तिचा दिवस. घरातलं स्वयंपाकघर सुनेचं, हॉल टीव्हीचा, वरची खोली हॉस्टेलवरून सुट्टीला येणाऱ्या नातीची. मागचं दार तेवढं आईचं होतं. हे मला आता कळतंय. तेव्हा मी त्या जागेकडे बघून तिथे चारचाकी बसेल का, याची मापं घेत होतो.

आमच्या कंपनीत एक पद्धत आहे. शॉपवर, म्हणजे मशिनं चालतात तिथे, जी वस्तू वापरात दिसत नाही, तिला लाल रंगाची पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची. तिला आम्ही रेड टॅग म्हणतो. त्यावर तीन रकाने असतात: वस्तू, कारण, निर्णय. खाली तारीख. महिनाभर ती चिठ्ठी लटकत राहते. या महिन्यात कुणी येऊन ‘ही मला लागते’ म्हणालं तर वस्तू राहते, नाहीतर भंगारात जाते. पद्धत चांगली आहे. तिच्यामुळे आमच्या शॉपवरून तीन मोडक्या ट्रॉल्या, एक पंखा आणि एक जिवंत सुपरवायझर हलले.

त्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईला मी कंपनीतून या चिठ्ठ्यांचं एक पॅड घरी आणलं. घरभर फिरलो. आईचं जातं: वापर नाही. आईची बाज: सुंभ सैल, वापर नाही. आईची पत्र्याची पेटी: गंजलेली, कपाट असताना वापर नाही. तिन्हींना चिठ्ठ्या बांधल्या आणि महिनाभर वाट पाहिली. आईने आक्षेप घेतला नाही. पद्धतीप्रमाणे आक्षेप नाही म्हणजे संमती. महिना संपल्यावर तळवड्याच्या भंगारवाल्याचा टेम्पो बोलावला आणि जागा मोकळी केली. घर मोठं दिसायला लागलं, असं मी दोन-तीनदा सगळ्यांसमोर म्हणालो. आई तेव्हा मागच्या दारी होती.

आणि नेमकी त्याच सुमारास अंडी कमी झाली.

आधी रोज पाच यायची, कधी सहा. मग चार झाली, मग दोन. एका सकाळी आईने टोपलीत एकच अंडं आणून ठेवलं. मी त्या अंड्याकडे बघितलं आणि माझ्या आतला क्वालिटीवाला खडबडून जागा झाला. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. कंपनीत अलीकडे सगळे प्रॉब्लेम वरचे साहेब सोडवायचे आणि आम्ही त्यांच्या सह्या गोळा करायचो. हा प्रॉब्लेम माझ्या हक्काचा होता.

आमच्याकडे मूळ कारण शोधायचं तर पाच वेळा ‘का’ विचारतात. पाच ‘का’ झाल्याशिवाय मूळ कारण सापडलं असं धरत नाहीत. मी वही-पेन घेऊन आईसमोर बसलो. ती खुराड्यातला भुसा बदलत होती.

“अंडी का कमी झाली?”

“घालीनात म्हणून.”

“का घालत नाहीत?”

“पिसं गाळायल्यात न्हाई का. बग की, कबरीची मान कशी उघडी पडलीया. दोघी उबवणीला खुडूक बसल्यात. दिस बी लहान झालाय. ह्या दिवसांत असंच असतंय बाबा. पिसं आली की घालतील.”

“पिसं का गाळतात?”

“जुनी झाली म्हणून.”

“जुनी का झाली?”

तिने हातातला भुसा खाली ठेवला. “आता ह्याला काय सांगू? तू कामून म्हातारा झालास?”

पाचवा ‘का’ विचारायच्या आत ती पाण्याचं भांडं धुवायला निघून गेली. मी वहीत लिहिलं: मूळ कारण अद्याप स्पष्ट नाही, ऑपरेटर सहकार्य करत नाही.

तिने दुसऱ्याच ‘का’ला सगळं सांगून टाकलं होतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही असं नाही. पण इतक्या लवकर मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवायची आम्हाला सवय नाही. कंपनीत कुणी असं उत्तर दिलं तर आम्ही त्याला परत पाठवतो.

मग मी हॉलच्या भिंतीवर मोठा कागद लावला आणि त्यावर माशाचा सांगाडा काढला. एकेका काट्यावर एकेक संशय लिहायचा: माणूस, माल, पद्धत, वातावरण. बायको तळवड्याच्या एका आयटी कंपनीत अकाउंट्सला आहे. ती संध्याकाळी दमून घरी आली, चप्पल काढता काढता कागदाकडे बघत राहिली.

“अहो, कोंबडी आजारी आहे आणि तुम्ही मासा कशाला काढलाय?”

“आजारी नाही. उत्पादन घसरलंय.”

“आई म्हणाल्या, पिसं गळतायत.”

“ते लक्षण आहे, कारण नाही.”

ती आत गेली आणि आतून तिने आईला विचारलं, “आई, भाजी काय करू?” या घरात मी सोडून कुणालाच काही प्रॉब्लेम नव्हता.

सांगाड्याप्रमाणे कामाला लागलो. पहिला काटा, वातावरण. कोंबडीला प्रकाश जास्त मिळाला की अंडी वाढतात, असं मी मोबाइलवर वाचलं होतं. खुराड्यात चार फुटी एलईडी ट्यूब बसवली आणि ती रात्री दहापर्यंत चालू ठेवली. सेकंड शिफ्ट. दुसरा काटा, माल. ज्वारी बंद करून तयार खाद्याचं पोतं आणलं. कोंबड्यांनी त्यात एकदा चोच घातली, मान वर करून आईकडे पाहिलं आणि खाद्यावरून चालत गेल्या. तिसरा काटा, पद्धत. कोण अंडी घालतं आणि कोण नुसतं खातं ते कळायला हवं, म्हणून खुराड्याला जाळी लावून चार कप्पे केले आणि प्रत्येक कोंबडीच्या पायात रंगीत केबल टाय अडकवून नंबर दिले. कोंबडा नंबरात बसत नव्हता. त्याला मी ‘सपोर्ट फंक्शन’मध्ये टाकलं.

रोज ड्युटीवरून आलो की खुराड्यासमोर प्लास्टिकची लाल खुर्ची टाकून मी तासभर बसायचो आणि निरीक्षणं लिहायचो. कोंबड्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून माझी निरीक्षणं करायच्या. आठवड्यात एकवरून शून्यावर आलो.

शेजारचे दादा आले. ते निघोज्याचे जुने राहणारे, शेतावर आता खोल्या बांधून भाड्याने दिल्यात. त्यांनी ट्यूबकडे बोट दाखवलं.

“राव, ह्यो उजेड कशापायी?”

“प्रॉडक्शनसाठी.”

“तुमच्या कोंबड्या न्हाई निजत, आमीबी न्हाई. आमच्या कोंबड्याला तर काय समजंनाच झालंय. बिचारा रातचं आरवतोय. बंद करा की.”

मी त्यांना हवामान, अनुकूलन, ट्रायलचा कालावधी असं बरंच समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, “व्हय, पर कोंबडीला कुणी सांगितलंय का हे?” आणि गेले.

महिन्याच्या मध्यावर रिव्ह्यू घेतला. रिव्ह्यू म्हणजे जेवताना मी बोललो आणि बाकीच्यांनी जेवण केलं. मी जाहीर केलं, की महिनाअखेर रोजचं टार्गेट चार अंडी. टार्गेट आलं नाही तर सगळ्यात जुनी कोंबडी आधी काढायची, म्हणजे रविवारी तिचं कालवण. पुढच्या महिन्यातही तसंच राहिलं तर खुराडंच काढायचं आणि तिथे पार्किंग करायचं. बायको म्हणाली, “आपल्याकडे कार कुठे आहे?” मी म्हणालो, “आधी जागा, मग कार.” आईने ताटातली अर्धी भाकरी घडी करून पदराखाली घेतली, कोंबड्यांसाठी.

सगळ्यात जुनी होती कबरी. पाटीतून आलेल्या तिघींपैकी ती एकटी उरली होती. अंगावर काळे-पांढरे ठिपके, आणि त्या दिवसांत मान अशी उघडी, की आईच्या जुन्या रजईतून कापूस निघावा तशी. माझ्या नोंदीत ती कोंबडी क्रमांक तीन. मी पॅडवरची चिठ्ठी फाडून लिहिलं. वस्तू: कोंबडी क्र. ३. कारण: उत्पादन नाही. निर्णय: महिनाअखेर. आधी चिठ्ठी तिच्या पायाला बांधली, तर तिने एक कोपरा खाल्ला. मग कप्प्याच्या जाळीला बांधली.

आई जवळ येऊन उभी राहिली. ती चौथीपर्यंत शिकलेली. अक्षर अक्षर जोडत तिने चिठ्ठी वाचली. “उत... उत्पादन नाही.” मग तारीख वाचली. “बरं,” म्हणाली आणि जाळीतून कबरीला भाकरीचा तुकडा दिला. तयार खाद्याच्या ट्रायलमध्ये भाकरी बंद होती, पण मी ते सोडून दिलं. मला स्वतःचा मोठेपणा वाटला.

त्यानंतर चार दिवसांनी दोन अंडी आली.

मग तीन. मग चार. आठवड्याच्या शेवटी पाच! मी घरातून सहाला निघायचो, आई दिवसभरात अंडी गोळा करून ट्रेमध्ये ठेवायची, आणि मी संध्याकाळी आल्यावर ती मोजायचो. नुसती मोजायचो नाही, वजन करायचो, व्हर्नियरने लांबी-रुंदी घ्यायचो. आधी आमच्या अंड्यांचा काही नेम नसायचा, एक छोटं, एक लांबट, एक ठिपक्यांचं. आता सगळी एकसारखी. पंचावन्न ग्रॅम, चोपन्न ग्रॅम, पंचावन्न ग्रॅम. रंगही सारखा, छान तपकिरी. मी फ्रिजवरच्या चार्टवर हिरवे ठिपके लावले. उत्पादन तर वाढलंच, पण प्रोसेससुद्धा स्थिर झाली होती. कंपनीत सत्तावीस वर्षांत मी इतकी सुंदर रीडिंग बघितली नव्हती. या वाक्याचा अर्थ मला तेव्हाच कळायला हवा होता.

बायकोने ऑम्लेट करताना एकदा म्हटलं, “बलक बघा हो. आपल्या अंड्यांचा कसा केशरी असायचा. हा अगदी फिकट आहे.”

“फीड बदललंय.”

“आणि कबरीची पिसं तर अजून यायचीच आहेत. ती कशी घालतेय?”

“मोटिव्हेशन,” मी म्हणालो.

आई गॅसपाशी उभी होती. ती चहात आलं किसत राहिली. आईच्या चहात चहापेक्षा आलं जास्त असतं.

महिनाअखेर आली आणि कबरीची तारीख टळली. टार्गेट आलंच होतं. पण मी थांबलो नाही. आमच्या कंपनीत सुधारणांची स्पर्धा असते आणि यंदा विषय होता ‘घरीही गुणवत्ता’. मी बारा स्लाइड केल्या. माशाचा सांगाडा, पाच ‘का’ (पाचवा मी स्वतः घातला), आधीचा आलेख, नंतरचा आलेख. कबरीचा रेड टॅगसकट फोटो होता, त्यावर सगळे हसले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मला प्रमाणपत्र आणि तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा मिळाला. आणि साहेब पुण्याचे, गावरान अंड्यांचे शौकीन, म्हणून मी त्यांना ट्रे बांधून दहा अंडी दिली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. “अरे, अंडी छान होती. पण उकडताना सगळ्या घरात आल्याचा वास सुटला. पाणी तर चहासारखं झालं. मिसेस म्हणतात, ही कोणती जात?”

मी म्हणालो, “सर, हर्बल फीडची ट्रायल चालू आहे.”

सत्तावीस वर्षांत तोंडाला लागलेली सवय. गिऱ्हाइकाची तक्रार आली की आधी काहीतरी भारदस्त बोलायचं, मग जागेवर जाऊन विचार करायचा. जागेवर गेलो. विचार केला. आलं. चहा. एकसारखी पंचावन्न ग्रॅम. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे पार्ट नाकारत आलो, आणि माझ्या समोरून महिनाभर खोटा माल पास होत गेला, मी त्याला व्हर्नियर लावला, त्यावर हिरवा ठिपका लावला.

त्या दिवशी ओव्हरटाइम नाही केला. तीनला शिफ्ट सुटली तसा सरळ घरी आलो.

स्वयंपाकघरात आई खाली बसली होती. समोर पातेल्यात चहाचा चोथा आणि आल्याची सालं घालून उकळलेलं काळं पाणी. डावीकडे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातली पांढरी अंडी. उजवीकडे जुन्या पेपरवर वाळत घातलेली चार तपकिरी अंडी. गाळणीत धरून ती एकेक अंडं पाण्यात बुडवत होती, अगदी मन लावून, भजी तळावीत तशी. मला बघून दचकली नाही. हातातलं अंडं पूर्ण रंगू दिलं, काढलं, पेपरवर ठेवलं आणि मग वर पाहिलं.

“आज लवकर आलास?”

“आई, हे काय आहे?”

“दिसतंय न्हाई का?”

“किती दिवस चाललंय?”

“तू चिठ्ठी लावलीस तवापासून.”

मी चिडलो. आवाज चढला. म्हणालो, मी तिथे सगळ्यांसमोर स्लाइड दाखवल्या, मला बक्षीस दिलं, साहेबांना अंडी दिली, आणि तू मला फसवलंस.

“तुला कशाला फसवू?” ती म्हणाली. “मी तुझ्या कागदाला फसवलं. तुला हिरवे ठिपके पायजे हुते, मी आणले.”

“असं करतात का?”

“आता मला काय म्हाईत बाबा काय करत्यात. तूच फोनवर म्हणत हुतास ना? त्या दिवशी, जेवताना. उद्या ऑडिट हाय, एक बी रकाना रिकामा ठिवू नका, कालच्यासारखंच भरून टाका, साहेबाला हिरवं दिसलं पायजे. मी म्हणलं, अशी पद्धत असल.”

मी म्हणालो होतो. त्या फोनवर मी हसलोही होतो. माझा चढलेला आवाज कुठे ठेवावा ते मला कळेना. मी फ्रिजला टेकून उभा राहिलो आणि त्या हिरव्या ठिपक्यांचा कागद माझ्या पाठीमागे चुरगळला.

“तेवढं एक सांग,” ती म्हणाली. “कबरीची तारीख आता पुन्हा लागंल का?”

“नाही.”

“नक्की?”

“नाही म्हटलं ना, आई.”

तिने ओले हात पदराला पुसले, कमरेची चंची काढली आणि तिच्यातून घडी घातलेले लाल पुठ्ठे काढून फरशीवर मांडले. एक, दोन, तीन. “ही जात्याची. ही बाजंची. ही पेटीची.” माझं अक्षर. वापर नाही, वापर नाही, वापर नाही.

“ह्या कशाला ठेवल्यास?”

“वस्तू गेल्या. चिठ्ठ्या तरी ऱ्हाऊ दे म्हणलं.” जात्यावर तिने माझ्या बारशाचं दळलं होतं, हे तिने सांगितलं नाही. मला ते माहीत होतं, मीच विसरलो होतो. “तू लिवतूस ते बरोबर असंल. आता जात्यावर कोण दळतंय? पर मला एक इचारायचं हुतं. आता कबरी गेली असती, मग बाकीच्या गेल्या असत्या, खुराडं गेलं असतं. मग मागल्या दारी माझं काय काम ऱ्हातंय? तर माझी चिठ्ठी लावशील तवा मला बी महिनाभर आधी सांगशील ना? म्हणजे मी गावाकडं कुणाला तरी निरोप धाडीन.”

तिने हे रडून नाही विचारलं. टोमणाही नव्हता. पद्धत विचारली तिने, जशी रेशनच्या दुकानात विचारतात. मला त्याचीच लाज वाटली. मी सरळ खाली बसलो, पांढऱ्या अंड्यांशेजारी, आणि रडलो. पन्नाशीचा माणूस, कंपनीच्या गणवेशात, खिशाला ‘गुणवत्ता हीच ओळख’ असा बिल्ला. आईने थोडा वेळ रडू दिलं. मग म्हणाली, “सरक, अंडं फुटंल,” आणि माझ्यासाठी चहा ठेवला. दुसऱ्या पातेल्यात.

त्याच संध्याकाळी ट्यूब काढली, जाळ्या काढल्या, पायातले केबल टाय कात्रीने कापले. शेजारचे दादा कुंपणावरून बघत होते. “झालं का ट्रायल?” म्हणाले. खाद्याचं पोतं त्यांनीच नेलं, त्यांच्या म्हशीनेही ते हुंगून सोडून दिलं असं नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी तळवड्याच्या भंगारवाल्याकडे गेलो. जातं आणि बाज गेली होती. पेटी होती. तो तिच्यात नटबोल्ट ठेवत होता आणि द्यायला तयार नव्हता. “साहेब, लई उपयोगी आहे,” म्हणाला. मला त्याच्यापुढे हात जोडावे लागले. शेवटी माझा बक्षिसाचा तीन कप्प्यांचा डबा देऊन ती आणली.

साहेबांनाही जाऊन सगळं खरं सांगितलं. मोठी तयारी करून गेलो होतो. ते लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाले, “अरे, ते प्रेझेंटेशन वर गेलं आता. तू फक्त माझी कंप्लेंट बंद कर.” फॉर्म त्यांनीच भरायला लावला. कारण: आलं. उपाय: आलं बंद केलं. सही. आमच्या कंपनीत ती कंप्लेंट आजही समाधानकारकरीत्या बंद आहे.

फ्रिजवर नवा चार्ट लावायची हिंमत झाली नाही. पण आई रोज सांगायची, “आज शून्य.” पुढच्या दिवशी, “शून्यच.” ती हे इतक्या मोकळेपणाने सांगायची, की मला ऐकायला बरं वाटायला लागलं. खुडूक बसलेल्या दोघी उठल्या. हळूहळू कबरीच्या मानेवर आधी काटे आल्यासारखे दिसले, मग त्यांची पिसं झाली. तुरा लाल झाला. संक्रांत होऊन गेल्यावर एका रविवारी आई विहारातून आली, पांढरं लुगडं न बदलताच मागे गेली आणि मोठ्याने हाक मारली. कबरीने अंडं घातलं होतं. छोटं, एका बाजूने चपटं, ठिपक्यांचं. कुठल्याच टॉलरन्समध्ये न बसणारं. तिने ते माझ्या हातात दिलं तेव्हा गरम होतं.

मी ते घेऊन सवयीने माझ्या लाल खुर्चीकडे वळलो. खुर्ची अजून खुराड्यासमोरच होती. बाकी सगळं काढलं तरी ती काढायची राहून गेली होती, आणि खरं तर अजूनही संध्याकाळी मी तिच्यावर जाऊन बसत होतो. नुसताच. वही न घेता.

खुर्चीच्या हाताला लाल चिठ्ठी बांधली होती. माझ्याच पॅडवरची. अक्षर वाकडं, एकेक काना जपून काढलेला, रकाने मात्र बरोबर भरलेले.

वस्तू: पोरगा. कारण: वापर न्हाई, नुसता बसून आसतो. निर्णय: ठिवावा.

तारखेची जागा तिने रिकामी सोडली होती. मी आईकडे बघितलं. ती कोंबड्यांना ज्वारी टाकत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.